दुधाळ नदीचा माग

आल्प्सच्या सहलीहून परतलेल्या मंडळींचे फोटो तुम्ही पाहिले असतील. बर्फाची शिखरं, हिरवी कुरणं, लाकडी घरं आणि मधूनच एखाद्या नदीचं किंवा तळ्याचं हिरवट-निळं पाणी. या पाण्याचा रंग जरा संशयास्पद वाटतो. कुणीतरी त्यात पेलाभर दूध ओतून ढवळावं तसं ते दिसतं. 'फोटोत रंग वाढवलेत का?' असं विचारणाराही एखादा भेटतो. रंग वाढवलेले नसतात, पाणी तसंच असतं. आणि ते तसं का असतं याचा माग काढत गेलं, की आल्प्सचा बराचसा इतिहास हाती लागतो.

हा माग एका दिवसात काढता येतो. मध्य स्वित्झर्लंडमध्ये ग्रिम्सेल, फुर्का आणि सुस्टेन अशा तीन खिंडी आहेत. इनर्टकिर्शेन या गावातून निघून तिन्ही खिंडी पार करून परत त्याच गावात आणणारा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा आहे. हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो. साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच काळ खुला असतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका परिषदेच्या निमित्ताने मी त्या भागात होते. परिषद संपल्यावर एका लहानशा सहलीत सामील झाले. नऊ आसनांची गाडी, आम्ही आठ प्रवासी, आणि चालक हाच वाटाड्या. पन्नास माणसांची बस जिथे पाच मिनिटं थांबते तिथे अशी गाडी अर्धा तास थांबू शकते. 'जरा मागे घेता का, तो खडक बघायचाय' असंही म्हणता येतं. खर्च जास्त येतो हे खरं, पण भूगोल शिकवणाऱ्या माणसाला तो वसूल करता येतो.

बाटलीतलं पाणी

पहिला मुक्काम आरे नदीच्या घळईचा. मायरिंगेन आणि इनर्टकिर्शेन या गावांच्या मध्ये चुनखडीची एक टेकडी खोऱ्यात आडवी पडलेली आहे. नदीने ती कापून काढली आहे. घळईची लांबी १.४ किलोमीटर, खोली काही ठिकाणी १८० मीटरपर्यंत, आणि सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम एक मीटर. कड्याला टेकवून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. ती लोकांसाठी १८८८ साली खुली झाली. खाली वाहणारं पाणी मात्र निळं नव्हतं. राखाडी होतं, ओल्या सिमेंटसारखं. वर हवा स्वच्छ, पावसाचा पत्ता नाही, तरी नदी गढूळ. आपल्याकडे नदी गढूळ झाली म्हणजे वर कुठेतरी पाऊस पडला असं आपण म्हणतो. इथे उलट आहे. ऊन जितकं कडक तितकी नदी गढूळ.

मी घळईतून बाहेर पडल्यावर एक बाटली भरून घेतली. (सहप्रवाशांना वाटलं, मी ते पिणार.) ती रात्रभर टेबलावर ठेवली. सकाळी तळाशी राखाडी थर बसला होता, पण वरचं पाणी अजून धूसरच होतं. हे का, याचं उत्तर स्टोक्सच्या नियमात आहे. पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी. बारीक वाळूचा कण एका सेकंदात एखादा सेंटिमीटर खाली जातो. दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या कणाला एक मीटर खाली जायला नेहमीच्या तापमानाच्या पाण्यात तीन दिवस लागतात. थंड पाणी जास्त दाट वाहतं, त्यामुळे तिथे आणखीनच वेळ. वाहत्या, घुसळणाऱ्या नदीत तर असा कण बसतच नाही.

आता रंगाचं कोडं सुटतं. पुढे हीच आरे नदी ब्रिएन्झच्या तळ्यात शिरते. तिथे पाणी संथ होतं, जाडे कण तळाला जातात आणि फक्त हे पिठासारखे कण तरंगत राहतात. पाणी स्वतः सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं. उरलेला निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ तळ्यात खोल उतरून नाहीसा होतो. पण पाण्यात हे कण असले की ते तो प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत फेकतात. म्हणून ते हिरवट-निळं, दुधाळ दिसतं. याच्याच पुढच्या थूनच्या तळ्यात पाणी पोचतं तोवर बराच गाळ मागे राहिलेला असतो.

वर्गात हे करून पाहता येईल. काचेच्या तीन बरण्यांमध्ये पाणी घ्या. एकीत वाळू, दुसरीत शेतातली माती आणि तिसरीत शाडू घालून ढवळा. दर तासाला आणि मग दुसऱ्या दिवशी काय दिसतं ते मुलांना लिहून ठेवायला सांगा. वाळूची बरणी मिनिटाभरात निवळते, शाडूची दुसऱ्या दिवशीही पुरती निवळलेली नसते.

पीठ दळलं कुणी?

इनर्टकिर्शेनपासून रस्ता आरेच्या काठाने चढू लागतो. ६२५ मीटरवरून ग्रिम्सेल खिंडीच्या २,१६४ मीटरपर्यंत. चढता चढता गाडीतलं वेफर्सचं पाकीट फुग्यासारखं फुगलं, तेव्हा हवेचा दाब कमी होण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागली नाही.

इथल्या खोऱ्याचा आकार पाहण्यासारखा आहे. सह्याद्रीतली नदी डोंगर कापते तेव्हा खोरं इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखं होतं. इथे तळ रुंद आणि दोन्ही बाजूंचे कडे सरळ उभे, म्हणजे 'यू' अक्षर. बाजूची छोटी खोरी मुख्य खोऱ्याला तळाशी येऊन मिळत नाहीत, ती वरच्या वर लटकलेली राहतात आणि त्यांचे ओढे धबधबे होऊन उडी घेतात. मायरिंगेनजवळचा रायशेनबाख धबधबा असाच आहे. शेरलॉक होम्सला कॉनन डॉयलने १८९३ साली याच धबधब्यावर 'मारलं', त्यामुळे तो जगभर माहीत झाला. पण भूगोलाच्या दृष्टीने तो लटकत्या खोऱ्याचा नमुना आहे, हे तिथल्या गर्दीत फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

हांडेगच्या वर ग्रॅनाइट लागतो आणि खरी गंमत सुरू होते. रस्त्याच्या कडेचे खडक गुळगुळीत, गोलसर, मेंढ्यांच्या पाठीसारखे आहेत. हात फिरवला तर घासलेल्या फरशीसारखे लागतात, आणि जवळून पाहिलं तर त्यांवर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे दिसतात. नजर वर नेली की डोंगरावर एका ठरावीक उंचीपर्यंत सगळं गोल आणि गुळगुळीत. त्याच्या वर एकदम करवतीच्या दात्यांसारखे टोकदार सुळके. घासणारी वस्तू किती उंचीपर्यंत होती याची रेघच जणू डोंगरावर ओढली आहे.

ही वस्तू म्हणजे बर्फ. सुमारे चोवीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, हे सगळं खोरं शेकडो मीटर जाडीच्या बर्फाने भरलेलं होतं. पण इथे एक प्रश्न मुलं नक्की विचारतील आणि त्यांनी विचारायला हवा: बर्फ तर मऊ असतो, नखानेही त्यावर चरा पडतो. तो ग्रॅनाइट कसा घासेल? नुसता बर्फ घासत नाहीच. हिमनदीच्या तळाशी दगड, खडे आणि वाळू गोठून रुतलेली असतात. पॉलिश कागदातला कागद लाकूड घासत नाही, त्यावर चिकटवलेली वाळू घासते, तसंच हे. मोठा दगड खोल ओरखडा काढतो, बारीक वाळू गुळगुळीतपणा आणते, आणि घासताना जे पीठ पडतं ते वितळलेल्या पाण्याबरोबर बाहेर येतं. घळईतल्या राखाडी पाण्याचं मूळ हेच. ऊन वाढलं की बर्फ जास्त वितळतो आणि पीठही जास्त येतं, म्हणून उन्हाच्या दिवशी नदी गढूळ.

लाकूडतोड्याचं म्हणणं

आज आपण हे सहज सांगतो, पण दोनशे वर्षांपूर्वी विद्वानांना ते पटत नव्हतं. स्वित्झर्लंडच्या सखल मैदानात, चुनखडीच्या प्रदेशात, घराएवढे ग्रॅनाइटचे दगड पडलेले आहेत. ते तिथे आले कसे? महापुराने वाहून आणले, असं बहुतेकांचं उत्तर होतं. जाँ द शार्पांतिये हे बे इथल्या मिठाच्या खाणींचे संचालक. त्यांना १८१५ साली पेरोदँ नावाच्या डोंगरी शिकाऱ्याने सांगितलं होतं, की पूर्वी हिमनदीनेच आमचं खोरं भरलेलं होतं, हे दगड तिनेच आणले. शार्पांतियेंना ती कल्पना अतिरेकी वाटली. पुढे वेनेट्झ या अभियंत्याने तीच गोष्ट पुराव्यांनिशी मांडली, तेव्हा ती खोडून काढायला म्हणून त्यांनी निरीक्षणं सुरू केली, आणि त्या निरीक्षणांनीच त्यांचं मत बदललं.

१८३४ साली ते आपला निबंध वाचायला लुसर्नला निघाले होते. वाटेत त्यांना मायरिंगेनचा एक लाकूडतोड्या भेटला. रस्त्यालगतचा ग्रॅनाइटचा दगड पाहून गप्पा निघाल्या. लाकूडतोड्या सहज म्हणाला, की हा दगड ग्रिम्सेलचा आहे, पूर्वी ग्रिम्सेलची हिमनदी पार बर्न शहरापर्यंत जायची, तिने तो आणून टाकला. लुसर्नच्या सभेत विद्वानांना जे पटवणं अवघड गेलं, ते या माणसाला नुसतं आपलं खोरं रोज पाहून समजलं होतं. शार्पांतियेंनी ही हकीकत स्वतःच्या १८४१ सालच्या ग्रंथात नोंदवून ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. पुढे लुई अगासी यांनी हिमयुगाची कल्पना जगभर नेली आणि नाव त्यांचं झालं. पेरोदँचं नाव निदान राहिलं. लाकूडतोड्याचं तर कुणी लिहूनच ठेवलं नाही.

बर्फ खरंच चालतो का, हेही इथेच मोजलं गेलं. ग्रिम्सेलजवळच्या उंटरआर हिमनदीवर फ्रान्झ योसेफ हूगी यांनी १८२७ साली एक झोपडी बांधली. अगासी १८४० च्या सुमारास तिथे काम करू लागले तेव्हा ती झोपडी मूळ जागेपासून हजार मीटरहून खूप पुढे गेली होती. १८४१ पर्यंत तिने सुमारे १,४०० मीटरांचा प्रवास केला. वर्षाला शंभर मीटर!

पट्ट्या दगडांच्या, चादरी पांढऱ्या

ग्रिम्सेल खिंड ओलांडली की आपण वेगळ्या नदीच्या मुलखात येतो. मागे आरे, पुढे ऱ्होन. खाली १,७५० मीटरच्या आसपास ग्लेच नावाची चार घरांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऱ्होन हिमनदीचं तोंड जवळपास या वस्तीपर्यंत होतं, म्हणूनच इथे मोठं हॉटेल उभं राहिलं. आज ग्लेचमधून बर्फ दिसत नाही, दिसतो तो उघडा कातळ आणि त्यावरून घसरणारी पाण्याची धार.

याच हिमनदीवर १८७४ साली एक साधा, सुंदर प्रयोग सुरू झाला. हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रंगवलेल्या दगडांच्या सरळ रांगा मांडल्या, आणि दरवर्षी त्या कुठे गेल्या हे मोजलं. रांगा सरळ राहिल्या नाहीत. मधले दगड भराभर पुढे गेले, काठाजवळचे मागे रेंगाळले आणि रांगेची कमान झाली. नदीच्या पाण्यातही असंच होतं, काठाच्या घर्षणाने पाणी अडतं. शाळेत हे पाहायचं तर एक पत्र्याची पन्हळ तिरकी ठेवा, तीत दाट काकवी ओता आणि मोहरीच्या दाण्यांची आडवी रेघ मांडा. अर्ध्या तासात कमान दिसेल.

रस्ता वळणं घेत फुर्काकडे चढतो. वाटेत १८८२ साली बांधलेलं बेल्वेदेर हॉटेल आहे. खिडक्या बंद, दारं बंद. बांधलं तेव्हा ते हिमनदीला खेटून होतं. त्याच्यामागून चालत गेल्यावर मला प्रथम बर्फ दिसलाच नाही, दिसल्या त्या पांढऱ्या मळक्या चादरी. बर्फात दरवर्षी पर्यटकांसाठी एक बोगदा खोदत असत. तो वितळू नये म्हणून उन्हाळाभर त्यावर जाड पांढरं कापड पांघरलेलं होतं. ऊन परत फेकलं गेल्याने वितळणं निम्म्याहून अधिक कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. पण एवढ्याशा तुकड्याला जमतं ते आख्ख्या हिमनदीला जमणार नाही. तेवढं कापड आणायचं कुठून आणि नेऊन टाकायचं कुठे? खाली, जिथे पूर्वी बर्फ होता तिथे, आता एक तळं आहे. रंग अर्थातच दुधाळ.

आमचा वाटाड्या याच भागातला, पन्नाशीचा. लहानपणी शाळेची सहल आली तेव्हा बर्फ कुठवर होता, ते त्याने हाताने दाखवलं. त्याचा हात तळ्याच्या अलीकडच्या काठाकडे होता.

हिमनदीचा हिशेब बँकेच्या खात्यासारखा समजावता येतो. हिवाळ्यात वर पडणारं हिम ही जमा, उन्हाळ्यात खाली वितळणारा बर्फ हा खर्च. दोन्ही बरोबर असतील तर हिमनदी वाहत असूनही तिचं तोंड जागच्या जागी राहतं. २०२२ साली जमा फार कमी होती, कारण हिवाळ्यात हिम थोडं पडलं. त्यात मार्चमध्ये सहारातली धूळ येऊन हिमावर बसली, हिम मळलं आणि जास्त ऊन शोषू लागलं. २५ जुलैला स्वित्झर्लंडवरच्या हवेत शून्य अंश तापमान ५,१८४ मीटर उंचीवर गेलं. देशातलं सर्वांत उंच शिखर ४,६३४ मीटरचं आहे, म्हणजे त्या दिवशी सगळा देश गोठणबिंदूच्या वरच्या हवेत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये हा आकडाही मागे पडला, ५,२९८ मीटर. २०२२ मध्ये स्विस हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सहा टक्के आणि २०२३ मध्ये आणखी चार टक्के भाग गमावला. दोन वर्षांत मुद्दलाचा दहावा हिस्सा गेला.

थेंब कुणाकडे जातो

फुर्का खिंड २,४२९ मीटरवर आहे. पश्चिमेला पडलेला थेंब ऱ्होनबरोबर जिनिव्हाच्या तळ्यातून फ्रान्समध्ये आणि मग भूमध्य समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला रॉइस नदीत, तिथून आरेत, तिथून ऱ्हाईनमध्ये आणि नेदरलँड्समधून उत्तर समुद्रात. महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री शेजारी उगम पावून दोन समुद्रांकडे पाठ फिरवून जातात, तसंच हे.

आमच्याबरोबर नेदरलँड्सचं एक निवृत्त जोडपं होतं. वाटाड्याने हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, 'म्हणजे आमच्या घरामागून वाहतं ते इथलं पाणी.' त्याच महिन्यात ऱ्हाईन इतकी आटली होती, की मालवाहू बोटींना अर्ध्यामुर्ध्या भरून जावं लागत होतं. अशा कोरड्या उन्हाळ्यात पावसावरच्या नद्या रोडावतात, पण हिमनदीवरच्या नद्या उलट फुगतात. हिमनदी दुष्काळातच जास्त पाणी देते, हा तिचा मोठा गुण. पण आज जे जादा पाणी येतंय ते व्याज नव्हे, मुद्दल आहे. बर्फ लहान होत जाईल तसं पाणी काही वर्षं वाढेल, कळस गाठेल आणि मग कमी होत जाईल. आल्प्समधल्या लहान हिमनद्यांच्या बाबतीत हा कळस येऊन गेलाही आहे. त्याचा चटका ऑगस्टमध्ये बसेल, जेव्हा खालच्या शेतांना आणि बोटींना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते.

ग्रिम्सेलला १९३२ साली पुरं झालेलं मोठं धरण आहे. ते उन्हाळ्याचं वितळलेलं पाणी साठवून हिवाळ्यात वीज देतं, म्हणजे हिमनदीच्या कामाचा एक भाग माणसाने आधीच अंगावर घेतला आहे. पण धरण साठवू शकतं, बनवू शकत नाही.

पुढे आंडेरमाट, त्याखालची शोलेनेनची घळई आणि तिथला सैतानाचा पूल आम्ही घाईतच पाहिला. सुस्टेन खिंडीत पुन्हा तोच धडा आहे: मागे सरकलेली हिमनदी आणि तिने मोकळं केलेलं तळं.

आपल्याकडचे ओरखडे

आल्प्सला जाणं बहुतेक शाळांना शक्य नाही, आणि सह्याद्रीत हिमनदीच्या खुणा शोधण्यात अर्थ नाही. तिथे त्या नाहीतच. पण महाराष्ट्रात त्या अजिबात नाहीत असं मात्र नाही. १८५६ साली ओडिशातल्या तालचेर भागात काम करणाऱ्या ब्लॅनफर्ड बंधूंना आणि थिओबाल्ड यांना बारीक चिखलगाळात रुतलेले मोठाले धोंडे सापडले. हे काम बर्फाचं असावं असं त्यांनी सुचवलं. उष्ण कटिबंधात बर्फ कुठला, म्हणून पुष्कळांनी शंका घेतली. मग १८७० च्या दशकात फेडन या भूशास्त्रज्ञाने चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ, पैनगंगेच्या परिसरात, अशाच थराखाली घासलेला आणि समांतर ओरखड्यांचा चुनखडीचा तळ दाखवून दिला. ग्रिम्सेलला दिसतात तसेच ओरखडे, फक्त वय सुमारे तीस कोटी वर्षं. तेव्हा भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

विदर्भातले शिक्षक मुलांना घेऊन तालचेर थर पाहायला गेले, तर नदीचे गोटे आणि हिमनदीचे धोंडे यांतला फरक दाखवता येईल. नदीचे गोटे सगळीकडून गोल असतात आणि प्रवाहाने ते आकारानुसार वेगवेगळे केलेले असतात. हिमनदी निवड करत नाही. धोंडे, खडी आणि पीठ यांची ती एकत्र खिचडी टाकून जाते. धोंड्यांची एखादी बाजू सपाट घासलेली असते आणि त्या सपाट बाजूवर ओरखडे सापडतात. ते शोधायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन बरं, कारण दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ते दिसत नाहीत.